वैमानिकी, अवकाश आणि व्यावसायिक सुरक्षा (अभ्यासशाखा)

वैमानिकी, अवकाश आणि व्यावसायिक सुरक्षा ही विमाने, प्रक्षेपणयाने व अवकाशयाने यांच्या उड्डाणातील धोके आणि ती बनवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या, हाताळणाऱ्या व उडवणाऱ्या माणसांच्या कामाच्या ठिकाणचे धोके यांचा एकत्रित अभ्यास करणारी विद्यापीठीय शाखा आहे. अमेरिकेतील एम्ब्री-रिडल एअरोनॉटिकल विद्यापीठाच्या डेटोना बीच (फ्लोरिडा) येथील संकुलात या नावाची विज्ञान पदवी दिली जाते. इतरत्र हाच विषय विमान सुरक्षा, अपघात अन्वेषण, प्रणाली सुरक्षा किंवा औद्योगिक सुरक्षा अशा वेगवेगळ्या नावांखाली विभागून शिकवला जातो. अभियांत्रिकी, मानसशास्त्र, औद्योगिक आरोग्यशास्त्र, संख्याशास्त्र आणि कायदा यांचा या शाखेशी निकटचा संबंध आहे.

संज्ञा व व्याप्ती

इंग्रजीतील सेफ्टी आणि सिक्युरिटी या दोन्ही शब्दांसाठी मराठीत 'सुरक्षा' हा एकच शब्द रूढ असल्याने या शाखेच्या नावाबद्दल गैरसमज होण्याची शक्यता असते. विमानतळावरील तपासणी, अपहरण किंवा घातपात यांपासून संरक्षण हा या शाखेचा मुख्य विषय नाही. हेतुपुरस्सर केलेल्या कृत्याऐवजी बिघाड, चूक, निष्काळजीपणा, सदोष रचना आणि नैसर्गिक परिस्थिती यांतून होणारी हानी टाळणे हा तिचा विषय आहे. काही लेखक या अर्थासाठी 'सुरक्षितता' हा शब्द वापरतात व 'सुरक्षा' हा शब्द सिक्युरिटीसाठी राखून ठेवतात. मात्र 'औद्योगिक सुरक्षा', 'राष्ट्रीय सुरक्षा दिन' यांसारख्या अधिकृत नावांत हा भेद पाळलेला दिसत नाही.

'धोका' आणि 'जोखीम' या संज्ञांतील फरक अभ्यासक्रमात सुरुवातीलाच स्पष्ट केला जातो. हानी घडवून आणू शकणारी वस्तू किंवा स्थिती म्हणजे धोका, तर ती हानी प्रत्यक्षात घडण्याची शक्यता आणि तिची तीव्रता यांचा एकत्रित विचार म्हणजे जोखीम. हँगरमध्ये जॅकवर उचललेले विमान हा धोका आहे. त्याखाली किती माणसे, किती वेळ आणि कोणत्या खबरदारीने काम करतात यावरून जोखीम ठरते.

या शाखेत दोन परंपरा एकत्र आल्या आहेत. पहिली उड्डाण सुरक्षेची. तिच्या केंद्रस्थानी विमान व त्यातील प्रवासी असतात आणि तिचे नियम मुख्यतः आंतरराष्ट्रीय करारांतून आले आहेत. दुसरी परंपरा कारखान्यातील सुरक्षेची आहे. तिच्या केंद्रस्थानी कामगार असतो व तिचे नियम प्रत्येक देशाच्या कामगार कायद्यांतून आले आहेत. विसाव्या शतकाचा बराच काळ या दोन परंपरा स्वतंत्रपणे वाढल्या. धावपट्टीवर घसरलेल्या विमानाची चौकशी एक खाते करी आणि त्याच विमानतळावर पंखावरून पडलेल्या तंत्रज्ञाची नोंद दुसरे खाते करी.

इतिहास

औद्योगिक सुरक्षेच्या अभ्यासाला पुस्तकी रूप देणाऱ्यांत अमेरिकेतील विमा क्षेत्रात काम करणारे एच. डब्ल्यू. हाइनरिक यांचे नाव प्रथम घेतले जाते. त्यांचे औद्योगिक अपघात प्रतिबंधावरील पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गंभीर इजेमागे २९ किरकोळ इजा आणि ३०० इजारहित घटना असतात, हा त्यांचा त्रिकोण पुढे अनेक दशके सुरक्षा प्रशिक्षणात शिकवला गेला.

विमान क्षेत्रात ७ डिसेंबर १९४४ रोजी झालेल्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना (आयकाओ) उभी राहिली. अपघातांच्या अन्वेषणासंबंधीचे तिचे तेरावे परिशिष्ट १९५१ मध्ये स्वीकारण्यात आले. अन्वेषणाचा हेतू पुढील अपघात टाळणे हा असून दोष किंवा उत्तरदायित्व ठरवणे हा नाही, हे या परिशिष्टाचे मूलतत्त्व आजही अभ्यासक्रमाचा पाया मानले जाते. यानंतर विद्यापीठीय शिक्षणाला सुरुवात झाली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा विमान सुरक्षा कार्यक्रम १९५२ पासूनचा आहे. ब्रिटनमध्ये १९४६ साली वैमानिकी महाविद्यालय म्हणून स्थापन झालेल्या क्रॅनफिल्ड येथे १९७७ पासून अपघात अन्वेषकांना प्रशिक्षण दिले जाते.

दोन्ही परंपरांना जवळ आणण्यात क्षेपणास्त्रे व अवकाश कार्यक्रमांचा वाटा मोठा आहे. क्षेपणास्त्र बिघडले तर ते उडवणाऱ्याइतकाच ते बसवणारा कामगारही मरतो. ९ ऑगस्ट १९६५ रोजी अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात सर्सी गावाजवळ टायटन-२ क्षेपणास्त्राच्या भूमिगत कोठारात आग लागून ५३ जण मृत्युमुखी पडले. त्या वेळी कोठारात सुधारणांचे काम चालू होते आणि मृतांपैकी बहुतेक जण कंत्राटी कामगार होते. त्याच दशकात मिनटमन क्षेपणास्त्राच्या प्रक्षेपण नियंत्रण यंत्रणेसाठी बेल प्रयोगशाळेत 'दोषवृक्ष विश्लेषण' ही पद्धत विकसित झाली. १९६९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने प्रणाली सुरक्षेचे ८८२ क्रमांकाचे मानक लागू केले. यंत्रणा तयार झाल्यावर तिला कुंपण घालण्यापेक्षा आराखड्याच्या टप्प्यावरच धोका काढून टाकावा, हा विचार या मानकाने रूढ केला.

२७ जानेवारी १९६७ रोजी केप केनेडी येथे जमिनीवरील चाचणी चालू असताना अपोलो-१ यानात आग लागून तीन अंतराळवीरांचा मृत्यू झाला. यान उडालेले नव्हते व रॉकेटमध्ये इंधनही भरलेले नव्हते, म्हणून ही चाचणी धोकादायक मानली गेली नव्हती. यानंतर नासाने समानव उड्डाणांच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र कार्यालय निर्माण केले व फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनचे संस्थापक जेरोम लेडरर यांची तेथे नेमणूक केली. विमान सुरक्षेतील अनुभव अवकाश कार्यक्रमाकडे नेणारी ही नेमणूक या शाखेच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते.

२९ डिसेंबर १९७० रोजी अमेरिकेत व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य कायद्यावर स्वाक्षरी झाली आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी ओशा ही संस्था अस्तित्वात आली. विमान कंपन्या, विमान बनवणारे कारखाने आणि दुरुस्ती केंद्रे यांना आता दोन वेगवेगळ्या नियामकांचे नियम जाणणारी माणसे लागू लागली. दोन्ही विषय एकाच पदवीत शिकवण्याची व्यावहारिक गरज यातून निर्माण झाली.

एम्ब्री-रिडल संस्थेची सुरुवात १७ डिसेंबर १९२५ रोजी सिनसिनाटी येथे विमान विक्री व वैमानिक प्रशिक्षणाच्या व्यवसायातून झाली. १९६५ मध्ये ती डेटोना बीच येथे आली व १९७० मध्ये तिला विद्यापीठाचे स्वरूप मिळाले. अ‍ॅरिझोना राज्यातील प्रेस्कॉट येथे तिचे दुसरे निवासी संकुल १९७८ मध्ये सुरू झाले.

दोन कायद्यांच्या सीमेवर

या शाखेचा सर्वांत गुंतागुंतीचा आणि व्यवहारात सर्वाधिक वादग्रस्त भाग म्हणजे विमानाशी संबंधित कामगाराची इजा कोणत्या नोंदवहीत जाते हा प्रश्न होय.

तेराव्या परिशिष्टानुसार, समानव विमानाच्या बाबतीत, उड्डाणाच्या हेतूने पहिली व्यक्ती विमानात चढल्यापासून शेवटची व्यक्ती उतरेपर्यंतच्या काळात घडलेल्या घटनेलाच 'विमान अपघात' म्हटले जाते. या काळात विमानात असल्यामुळे, विमानाच्या कोणत्याही भागाशी थेट संपर्क आल्यामुळे किंवा जेटच्या झोताचा थेट मारा बसल्यामुळे एखाद्याचा मृत्यू झाला किंवा त्याला गंभीर इजा झाली, तर तो विमान अपघात ठरतो. विमान रिकामे असून दुरुस्तीसाठी उभे असेल, तर तशाच इजेने झालेला मृत्यू या व्याख्येत बसत नाही.

भारतातील दोन घटनांच्या तुलनेतून हा फरक स्पष्ट होतो. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेले एअरबस ए३१९ विमान मागे ढकलण्याची क्रिया पूर्ण झाल्यावर पुढे निघाले, तेव्हा जमिनीवरील एक तंत्रज्ञ अजून त्याच्या जवळ होता. तो चालू इंजिनात ओढला जाऊन मरण पावला. विमानात प्रवासी बसलेले असल्याने ही घटना विमान अपघाताच्या व्याख्येत येते. १० जुलै २०१९ रोजी कोलकाता विमानतळावर क्यू४०० जातीच्या विमानाच्या देखभालीचे काम चालू असताना मुख्य चाकांच्या कप्प्याचे दरवाजे हायड्रॉलिक दाबाने अचानक मिटले व त्यांत अडकून एका तरुण शिकाऊ तंत्रज्ञाचा मृत्यू झाला. हा मृत्यूही विमानाच्या भागाशी थेट संपर्क आल्यानेच झाला. परंतु उड्डाणाच्या हेतूने कोणीही विमानात चढलेले नसल्याने आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार तो विमान अपघात नव्हे. जगातील विमान अपघातांच्या वार्षिक आकडेवारीत अशा मृत्यूंना स्थान नसते. उड्डाणे वर्षागणिक सुरक्षित होत असल्याचे सांगणारे आलेख खरे असले, तरी ते हँगरमधील माणसाविषयी काहीच सांगत नाहीत, ही बाब अभ्यासक्रमात आवर्जून मांडली जाते.

अमेरिकेत या सीमेचा वाद कायद्याच्या पातळीवर दीर्घकाळ चालला. व्यावसायिक सुरक्षा कायद्यातील एका तरतुदीनुसार, दुसऱ्या केंद्रीय संस्थेने कामगार सुरक्षेचा एखादा विषय आपल्या अधिकारात घेतला असेल, तर तेथे ओशाचे नियम लागू होत नाहीत. या आधारे संघीय विमान वाहतूक प्रशासनाने (एफएए) १९७५ मध्ये उड्डाण सेवेत असलेल्या विमानावरील कर्मचाऱ्यांची सुरक्षा सर्वस्वी आपल्या अधिकारात असल्याचे जाहीर केले. मात्र आवाज, संसर्गजन्य रक्त किंवा घातक रसायनांची माहिती यांविषयी विमानातील परिचारकांसाठी कारखान्यांसारखे तपशीलवार नियम तयार झाले नाहीत. परिणामी हवाई परिचारकांना कारखान्यातील कामगारापेक्षा कमी कायदेशीर संरक्षण उरले. ऑगस्ट २०१३ मध्ये एफएएने धोरण बदलले. श्रवणरक्षण, रक्तजन्य रोगजंतू आणि घातक रसायनांची माहिती या तीन विषयांत ओशाचे नियम विमानातील परिचारकांना लागू झाले. वैमानिककक्षातील कर्मचारी मात्र या बदलातून वगळले गेले. म्हणजे एकाच विमानात दरवाजाच्या अलीकडे एक कायदा आणि पलीकडे दुसरा कायदा अशी स्थिती निर्माण झाली.

अवकाश क्षेत्रातही असाच पेच आहे. २६ जुलै २००७ रोजी कॅलिफोर्नियातील मोहावी येथे खासगी अवकाशयानाच्या इंजिनासाठी नायट्रस ऑक्साइडच्या प्रवाहाची चाचणी चालू असताना स्फोट होऊन तिघांचा मृत्यू झाला. इंजिन प्रज्वलित करायचे नव्हते व उड्डाणाशी त्या दिवसाचा काही संबंध नव्हता. त्यामुळे चौकशी अवकाश उड्डाणाच्या नियामकाकडे न जाता राज्याच्या कामगार सुरक्षा विभागाकडे गेली. ब्राझीलमधील अल्कान्तारा प्रक्षेपण केंद्रावर २२ ऑगस्ट २००३ रोजी प्रक्षेपणाच्या काही दिवस आधी रॉकेट पेटून २१ जण मरण पावले. २३ फेब्रुवारी २००४ रोजी श्रीहरिकोटा येथील घन इंधनाच्या प्रकल्पातील दुर्घटनेत सहा जणांचा मृत्यू झाला. या तिन्ही घटनांत कोणतेही यान आकाशात गेलेले नव्हते.

अभ्यासक्रम

पदवी अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षांत गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र व तांत्रिक लेखन असे पायाभूत विषय असतात. पुढे उड्डाण सुरक्षा, औद्योगिक आरोग्यशास्त्र, अर्गोनॉमिक्स, अग्निसुरक्षा, पर्यावरणविषयक नियम, प्रणाली सुरक्षा, मानवी घटक, अपघात अन्वेषण व सुरक्षा व्यवस्थापन यांकडे विद्यार्थी वळतो.

औद्योगिक आरोग्यशास्त्र हा वैमानिकीकडे आकर्षित होऊन आलेल्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला रुक्ष वाटणारा विषय. परंतु नोकरीत सर्वाधिक उपयोग त्याचाच होतो. आवाजाचे उदाहरण घेता येईल. अमेरिकी कायद्यानुसार आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे आणि आवाज दर ५ डेसिबलने वाढला की अनुज्ञेय वेळ निम्मी होते. त्यामुळे १०० डेसिबलच्या आवाजात दोन तास काम करता येते. त्याच देशातील व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्था (नायोश) ८५ डेसिबल ही मर्यादा व दर ३ डेसिबलला निम्मी वेळ असे प्रमाण सुचवते. या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये अनुज्ञेय वेळ केवळ १५ मिनिटे उरते. कायदा पाळूनही कान जाऊ शकतात, हे विद्यार्थ्याला येथे आकडेमोडीतून कळते.

विमानाच्या रंगकामाचे उदाहरणही नेहमी दिले जाते. ॲल्युमिनियमचे गंजणे रोखण्यासाठी विमानाला दिल्या जाणाऱ्या पहिल्या लेपात परंपरेने क्रोमेट संयुगे असतात. त्यांतील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. ओशाच्या २००६ च्या मानकानुसार हवेतील त्याची मर्यादा दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. मात्र संपूर्ण विमान किंवा त्याचे मोठे भाग रंगवताना केवळ वायुवीजनाने ही पातळी गाठणे कठीण असल्याने अभियांत्रिकी उपायांनी प्रमाण २५ मायक्रोग्रॅमपर्यंत आणावे व उरलेले संरक्षण श्वसनयंत्राने करावे, अशी सवलत या उद्योगाला दिलेली आहे. एरवी धोक्याच्या मुळाशी करावयाचे उपाय आधी आणि वैयक्तिक साधने शेवटी, हा नियंत्रणाचा क्रम वर्गात पहिल्या दिवसापासून शिकवला जातो. उद्योगासाठी हा क्रम कायद्यानेच कसा सैल केला, यावर विद्यार्थ्यांना बाजू घेऊन लिहावे लागते.

इंधनटाकीसारख्या बंदिस्त जागेत शिरण्याची कार्यपद्धती, पंखावरून पडणे, संमिश्र पदार्थ कापताना उडणारी तंतूंची धूळ, हायड्राझीनसारखी विषारी इंधने हे इतर विषय. नायट्रोजनवर विशेष भर असतो, कारण तो विषारी नाही आणि त्यामुळेच फसवा आहे. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. बंद जागेत नायट्रोजन भरला की हे प्रमाण घटते, पण वास, रंग किंवा गुदमरल्याची जाणीव होत नाही आणि माणूस काही श्वासांतच बेशुद्ध पडतो. १९ मार्च १९८१ रोजी कोलंबिया अवकाशयानाच्या पहिल्या उड्डाणाआधी त्याच्या मागील कप्प्यात नायट्रोजन भरलेला असताना तंत्रज्ञ आत गेले. एकाचा त्याच दिवशी व दुसऱ्याचा काही दिवसांनी मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात यानाचे उड्डाण यशस्वी झाले व इतिहासात तेच राहिले.

मानवी घटकांच्या अभ्यासात वैमानिकाइतकेच स्थान देखभाल कर्मचाऱ्याला असते. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० क्रमांकाच्या उड्डाणात वैमानिककक्षाची काच निखळून कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला होता. तो वाचला. काच बसवताना ९० पैकी ८४ बोल्ट आवश्यकतेपेक्षा किंचित कमी व्यासाचे वापरले गेल्याचे चौकशीत आढळले. रात्रपाळी, मनुष्यबळाची कमतरता, अपुरा उजेड, नजरेने जुळवून घेतलेले बोल्ट आणि कामाची दुसऱ्या व्यक्तीकडून तपासणी करण्याची सक्ती नसणे असे सर्व घटक अहवालात आले. पाळीचे नियोजन हा कामगार कल्याणाचा विषय वाटतो. पण येथे तोच उड्डाण सुरक्षेचा विषय ठरला.

सिद्धान्तांपैकी जेम्स रीझन यांची एकामागोमाग ठेवलेल्या छिद्रयुक्त चकत्यांची प्रतिमा सर्वाधिक परिचित आहे. प्रत्येक चकती म्हणजे बचावाचा एक थर. सर्व थरांतील छिद्रे एका रेषेत आली की अपघात होतो. चॅलेंजर दुर्घटनेवरील (२८ जानेवारी १९८६) समाजशास्त्रज्ञ डायन वॉन यांचे १९९६ मधील पुस्तक 'विचलनाचे सामान्यीकरण' या संकल्पनेसाठी वाचले जाते. नियमबाह्य स्थितीत वारंवार काही न घडल्याने ती स्थितीच सर्वसाधारण वाटू लागते, असा तिचा आशय आहे. २००३ मध्ये कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा बळी घेणाऱ्या कोलंबिया दुर्घटनेच्या चौकशी मंडळानेही नासाच्या कार्यसंस्कृतीविषयी असेच निरीक्षण नोंदवले. एमआयटीतील नॅन्सी लेव्हसन यांनी २००४ मध्ये मांडलेले स्टॅम्प हे प्रारूप अपघाताकडे बिघाडांची साखळी म्हणून न पाहता नियंत्रणातील अपयश म्हणून पाहते.

अवशेषांची प्रयोगशाळा

एम्ब्री-रिडलच्या प्रेस्कॉट संकुलात प्रत्यक्ष अपघातग्रस्त विमानांचे अवशेष मोकळ्या जागेत, ते अपघातस्थळी जसे सापडले तसे मांडून ठेवलेले आहेत. विद्यार्थी गटागटाने तुकड्यांची अंतरे मोजतात, नकाशा काढतात, छायाचित्रे घेतात आणि पात्यांच्या वाकण्यावरून आदळण्याच्या वेळी इंजिन चालू होते की नाही याचा अंदाज बांधतात. दिव्याची तार ताणली गेली असेल, तर आदळताना ती तापलेली म्हणजे दिवा लागलेला होता, असे छोटे पुरावे वाचायला येथे शिकवले जाते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने व्हर्जिनियातील अ‍ॅशबर्न येथे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संकुलात उभारलेल्या प्रशिक्षण केंद्रात टीडब्ल्यूए ८०० या विमानाचा अवशेषांतून पुन्हा जोडलेला सांगाडा अनेक वर्षे शिक्षणासाठी ठेवला होता. १७ जुलै १९९६ च्या या अपघातात २३० जण मरण पावले होते. हा सांगाडा प्रदर्शनाची वस्तू होणार नाही, असे आश्वासन मृतांच्या नातेवाइकांना देण्यात आले होते. २०२१ मध्ये प्रशिक्षणातील त्याचा वापर थांबवून पुढे तो नष्ट करण्यात आला.

अपघातस्थळ हे अन्वेषकाचेही कामाचे ठिकाण असते. जळालेल्या संमिश्र पदार्थांचे सूक्ष्म तंतू, फुटलेल्या प्राणवायूच्या टाक्या, न फुटलेली टायर, रक्त व मानवी अवशेष, एफ-१६ सारख्या लढाऊ विमानातील हायड्राझीन हे सर्व त्याच्यासाठी धोके ठरतात. आयकाओने २००८ मध्ये अपघातस्थळावरील धोक्यांवर स्वतंत्र परिपत्रक प्रसिद्ध केले. अवशेषांना हात लावण्यापूर्वी रक्तजन्य रोगजंतूंविषयीचे प्रशिक्षण घेणे अन्वेषणाच्या अभ्यासक्रमांत सामान्यतः आवश्यक असते. या शाखेचे दोन्ही भाग येथे एकाच माणसाच्या अंगावर येतात.

भारतातील स्थिती

भारतात हे दोन विषय परंपरेने वेगवेगळ्या संस्थांत शिकवले गेले आहेत. विमान सुरक्षेचे नियमन केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आहे. मंगळूर येथे २२ मे २०१० रोजी झालेल्या आणि १५८ बळी घेणाऱ्या अपघातानंतर २०१२ मध्ये विमान अपघात अन्वेषण ब्युरोची स्वतंत्र स्थापना झाली. कारखान्यांतील सुरक्षेची अंमलबजावणी मात्र राज्यांकडे असून महाराष्ट्रात ती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करते.

औद्योगिक सुरक्षेच्या शिक्षणात मुंबई परिसराचे स्थान जुने आहे. शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक सुरक्षेची पदविका दिली जाते. ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय नवी मुंबईत असून तिचा स्थापनादिन राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचीही औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका आहे. नागपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. कारखाने अधिनियम, १९४८ नुसार एक हजार किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ही मर्यादा ५०० वर, तर घातक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांसाठी २५० वर आणली. विमान बनवणारा कारखाना (उदा. नाशिकजवळील ओझर येथील हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचा विभाग) किंवा नागपूरच्या मिहानमधील विमान देखभाल केंद्र यांसारख्या ठिकाणी दोन्ही प्रकारच्या ज्ञानाची गरज एकाच छताखाली पडते.

या विषयाच्या अभ्यासासाठी महाराष्ट्रातील सर्वांत बोधप्रद उदाहरण औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान धावपट्टीच्या टोकापलीकडील बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले व पुढे कोसळले. ११८ पैकी ५५ जणांचा मृत्यू झाला. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा व चुकीच्या तंत्राने उचलले, हे एक कारण आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतूक विमानतळ प्राधिकरणाने नियंत्रित केली नाही, हे दुसरे कारण चौकशीत नोंदवले गेले. वैमानिकाची चूक एवढ्यावर चौकशी थांबली असती तर रस्ता तसाच राहिला असता, या मुद्द्यासाठी हे उदाहरण उपयुक्त आहे.

व्यवसाय

पदवीधर विमान कंपन्या, विमान व इंजिन बनवणारे उद्योग, विमानतळ, विमा कंपन्या, नियामक संस्था व अवकाश संस्था यांत काम करतात. अमेरिकेत मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून उत्तीर्ण झालेल्यांना सुरक्षा व्यावसायिकांच्या प्रमाणन मंडळाकडून प्रारंभिक दर्जा मिळतो आणि अनुभवानंतर परीक्षा देऊन 'प्रमाणित सुरक्षा व्यावसायिक' होता येते. आयकाओच्या सुरक्षा व्यवस्थापनावरील एकोणिसाव्या परिशिष्टाची अंमलबजावणी नोव्हेंबर २०१३ पासून सुरू झाल्यानंतर या मनुष्यबळाच्या मागणीला कायमचा आधार मिळाला.

टीका

हाइनरिक यांच्या त्रिकोणावर आता बरीच टीका होते. त्यांनी वापरलेल्या मूळ नोंदी उपलब्ध नसल्याने १:२९:३०० हे प्रमाण पडताळता येत नाही. किरकोळ इजा कमी केल्या की गंभीर अपघातही आपोआप कमी होतात, हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मोठ्या तांत्रिक दुर्घटनांना लागू पडत नाही. घसरून पडण्याच्या घटना शून्यावर आणलेल्या कारखान्यातही स्फोट होऊ शकतो. शिवाय इजांच्या आकड्यावर बक्षीस ठेवल्यास इजा कमी होण्याऐवजी त्यांची नोंद कमी होते, असा आक्षेप कामगार संघटना घेतात. उड्डाण क्षेत्रात चूक कळवणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या गोपनीय अहवाल व्यवस्था आहेत. अमेरिकेत नासा चालवत असलेली अशी व्यवस्था १९७६ पासून कार्यरत आहे. मात्र अशा व्यवस्थांचा लाभ मुख्यतः वैमानिक व हवाई वाहतूक नियंत्रकांनी घेतला. कंत्राटदाराकडून आलेला, दिवसागणिक रोजगार मिळणारा सामान हाताळणारा कर्मचारी त्या व्यवस्थेपर्यंत क्वचितच पोहोचतो.

सुरक्षा व्यवस्थापन प्रणालीमुळे कागदपत्रे वाढतात, पण कामाची पद्धत बदलत नाही, हा दुसरा आक्षेप आहे. अन्वेषणाचा हेतू दोष ठरवणे नसला, तरी फौजदारी खटला, नुकसानभरपाई आणि प्रसारमाध्यमे यांना दोषीचे नाव हवे असते. अन्वेषण अहवालाचा न्यायालयात कितपत वापर व्हावा, याविषयी विविध देशांच्या कायद्यांत एकवाक्यता नाही.

हेही पहा

विमान अपघात अन्वेषण ब्युरो
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय
राष्ट्रीय सुरक्षा परिषद
औद्योगिक आरोग्यशास्त्र